फ्रान्समध्ये राहणाऱ्यांनो, रोजच्या वागण्यातले बारकावे सांगाल का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये नाशिकहून तुलूझला आलोय. नवरा विमानांच्या कंपनीत आहे, मुलगी चार वर्षांची आहे, ती इथल्या सरकारी मातेर्नेलमध्ये म्हणजे बालवाडीत जाते, आणि मी सध्या घरी. माझं फ्रेंच नाशिकला क्लास लावून केलेलं, दुकानात भागतं पण गप्पा मारता येत नाहीत अजून. नेटवर फ्रान्सबद्दल जे सापडतं ते सगळं फिरायला येणाऱ्यांसाठी असतं, आयफेल टॉवरचं तिकीट कसं काढायचं वगैरे. मला इथे राहायचंय, त्यामुळे रोजचं वागणं-बोलणं कळून घ्यायचंय.

आमच्या बिल्डिंगखाली बेकरी आहे. सकाळी रांगेत उभी असते तेव्हा बघत असते, प्रत्येक जण काउंटरशी पोचला की आधी बोंजूर, मग ती बाई बोंजूर म्हणते, मग ‘एक त्रादिस्यों द्या (म्हणजे पारंपरिक पद्धतीची बॅगेट, लांब ब्रेड), फार भाजलेली नको’, मग पैसे, मग मेर्सी, मग तिचं बोन जुर्ने (दिवस छान जावो), ह्याचं ‘तुम्हालाही’, आणि शेवटी निरोपाचं ओ रेव्वार. मागे दारापर्यंत रांग असली तरी यातलं एक अक्षर गाळत नाहीत आणि रांगेतलंही कोणी चुळबुळ करत नाही. परवा एक टुरिस्ट मुलगा आला आणि थेट दोन बोटं दाखवून क्रॉसाँ म्हणाला, तर ती त्याच्याकडे बघून शांतपणे पण ठासून बोंजूर म्हणाली आणि तो उलट बोंजूर म्हणेपर्यंत तिने चिमट्याला हात लावला नाही. डॉक्टरकडे गेलो तर तिथेही तेच, वेटिंग रूममध्ये येणारा प्रत्येक माणूस सगळ्यांना मिळून बोंजूर म्हणून मगच खुर्चीत बसतो, आणि त्यानंतर कोणी कोणाशी एक शब्द बोलत नाही!

बिल्डिंगमध्येही तसंच चाललंय, लिफ्टमध्ये बोंजूर, उतरताना बोन सुआरे (संध्याकाळ छान जावो), पण तीन महिन्यांत कोणी नाव विचारलं नाही की कुठून आलात विचारलं नाही. आणि आता अचानक समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी शुक्रवारी संध्याकाळी सातला आपेरोला, म्हणजे संध्याकाळच्या पेयपानाला, बोलावलंय. नवरा म्हणतो घरून जेवून जाऊ, मी म्हणते सातला बोलावून जेवायला कसं घालणार नाहीत? काय न्यायचं, किती वाजता जायचं, मुलीला न्यायचं का? आम्ही अंडं खातो पण मासे-मटण नाही, हे आधी सांगितलेलं चालतं का?

दुसरं म्हणजे शाळेत डबा चालत नाही म्हणतात, सध्या मी रोज दुपारी मुलीला घरी आणते आणि परत नेऊन सोडते, पण मला नोकरी लागली तर काय करायचं?

आणि एक मनातलं विचारते. हे लोक मुळात तुटक आहेत का? का त्यांची पद्धत मला अजून कळलेली नाही? आईशी फोनवर बोलताना मी रोज ‘छान आहे गं सगळं’ म्हणते पण खरं सांगायचं तर एकटं वाटतं.

रोनकाठी

ताई, स्वागत. मी लियोंला बरीच वर्षं आहे, बायको इथलीच, त्यामुळे दोन्हीकडून बघायला मिळतं.

बोंजूरचं तुम्ही अगदी बरोबर टिपलंय. इथे दुकान हे त्या दुकानदाराचं घर असल्यासारखं समजतात, आपल्याकडे कोणाच्या उंबऱ्यात पाऊल टाकताना ‘आहे का कोणी घरात’ असा आवाज देतो ना, तसं. बोंजूर न म्हणता आत शिरलं की समोरच्याला वाटतं याने मला माणूसच धरलं नाही. म्हणून बस ड्रायव्हर, फार्मसी, हेल्पलाइनवरची मुलगी, ऑफिसात झाडलोट करणाऱ्या बाई, सगळीकडे आधी ते आणि मग काम. रस्त्यात पत्ता विचारायचा असेल तरी ‘माफ करा’ने सुरुवात न करता बोंजूरने करा, फरक लगेच जाणवेल. संध्याकाळी सहाच्या आसपास बोंस्वार चालू होतं. आणि त्याच माणसाला त्याच दिवशी परत भेटलात तर पुन्हा कोरं बोंजूर म्हणू नका, सकाळची भेट विसरलात असं वाटतं, नुसती मान हलवली तरी पुरे.

आता शुक्रवारचं. सात म्हणजे सात-दहा ते सव्वासात. सातच्या आधी बेल अजिबात वाजवू नका, यजमानांना श्वास घ्यायला वेळ द्यायचा अशी पद्धत आहे (डॉक्टर, बँक, शाळा इथे मात्र वेळ म्हणजे वेळ). नुसतं आपेरो म्हटलं असेल तर जेवण नसतं. ऑलिव्ह, चिप्स, छोटे कच्चे मुळे आणि बटर, गाजराचे तुकडे, चीजचे तुकडे, सोसिसोंचे (वाळवलेल्या सॉसेजचे) काप असं टेबलावर मांडलेलं असतं आणि लोक ग्लास हातात घेऊन बोलत बसतात, साडेआठ-नऊला उठायचं. ‘आपेरो दिनात्वार’ म्हटलं असेल तर त्यातच पोट भरेल इतकं असतं. तुम्हाला कोणतं म्हणाल्या ते आठवून बघा, आणि नसेल आठवत तर मुलीला खाऊ घालून जा, तुमचं नंतरही बघता येईल. मुलांना न्यायला हरकत नसते पण आधी एक शब्द विचारा. दारू घेत नसाल तर सरळ सांगा, ज्यूस किंवा पाण्यात सिरो (फळांचं गोड सरबत) घालून देतील आणि पुन्हा कोणी विचारणार नाही. ग्लासला ग्लास लावताना मात्र समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, प्रत्येकाच्या, हे इथे फार पाळतात.

शाकाहारी असल्याचं आधीच सांगा, आणि नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून थांबू नका, मांस नाही आणि मासे नाही असं दोन्ही तोंडाने म्हणा. बऱ्याच घरांत व्हेजिटेरियन म्हणजे मासे चालतात असा समज आहे, आणि किशमध्ये (अंडं-क्रीमचा खारा पाय) किंवा केक सालेमध्ये (खारा केक) हॅमचे, लार्दोंचे (डुकराच्या मांसाचे) बारके तुकडे असतात ते त्यांच्या लक्षातही येत नाहीत.

ब्रेड टेबलावर ठेवायचा, ताटलीत नाही, आणि उलटा ठेवायचा नाही, अशुभ मानतात. ब्रेडबद्दल ही मंडळी मनापासून हळवी आहेत. तुमची ती त्रादिस्यों आहे ना, तिच्यासाठी १९९३ साली सरकारी आदेश निघालाय, रासायनिक पदार्थ घालायचे नाहीत, पीठ गोठवायचं नाही, आणि २०२२ मध्ये बॅगेटची कला युनेस्कोच्या यादीत गेली. रांगेत उभं राहून ‘फार भाजलेली नको’ म्हणणारा माणूस चोखंदळपणा करत नाहीये, त्याच्यासाठी तो दिवसातला महत्त्वाचा व्यवहार आहे.

तुटकपणाबद्दल माझं मत सांगतो. इथे अनोळखी माणसाला चौकशा करणं हा आगाऊपणा समजतात. पगार किती, घर कितीला घेतलं, भाडं किती, लग्न झालं का, मूल का नाही, यातलं काहीच विचारत नाहीत, ओळख झाल्यावरही नाही. आपल्याला चौकशी म्हणजे आपुलकी वाटते, त्यांना समोरच्याला त्याच्यापाशी राहू देणं ही सभ्यता वाटते. तीन महिने बोंजूर-बोन सुआरे झालं म्हणूनच आज बोलावणं आलंय, ते तीन महिने फुकट गेले नाहीत. मेच्या शेवटाला शेजाऱ्यांचा सण असतो, फेत दे व्वाझां, १९९९ मध्ये पॅरिसच्या सतराव्या भागात सुरू झाला आणि आता देशभर होतो. अंगणात टेबलं मांडतात, प्रत्येक घरून एक पदार्थ. तेव्हा तुमच्या बिल्डिंगची खरी ओळख होईल.

चिऊची आई

शाळेचं मी सांगते, आत्ताच या सगळ्यातून गेलेय.

डबा खरंच चालत नाही. डॉक्टरांनी लेखी दिलेली ॲलर्जी वगैरे असेल तर शाळेशी वेगळा करार करून घरचं जेवण नेता येतं, नाहीतर दोनच पर्याय, कांतीन म्हणजे शाळेतलं जेवण, किंवा तुम्ही करताय तसं घरी नेणं. दुपारची सुट्टी किमान दीड तास असतेच, बऱ्याच ठिकाणी दोन तास, म्हणून नेणं-आणणं जमतं, पण त्यात आईचा अख्खा दिवस चिरतो.

आता शाकाहाराचं. २०१८ च्या कायद्यामुळे नोव्हेंबर २०१९ पासून शाळांच्या कांतीनमध्ये आठवड्यातून एकदा तरी शाकाहारी जेवण द्यावंच लागतं. बाकीच्या दिवसांचं गावागावावर अवलंबून, कारण कांतीन शाळा चालवत नाही, मेरी म्हणजे नगरपालिका चालवते. नाव नोंदवतानाच ‘सां व्यांद’ असा पर्याय आहे का ते विचारा, पुष्कळ शहरांत असतो. पण नीट ऐका, सां व्यांद म्हणजे फक्त मांस नाही, त्या दिवशी ताटात मासा येऊ शकतो. आठवड्याचा मेनू शाळेच्या गेटवर लावलेला असतो, मी रविवारी रात्री त्याचा फोटो बघून लेकीला शिकवते की सोमवारी ते पांढरं आहे ना ते बाजूला ठेव, बाकी खा. बऱ्याच ठिकाणी फी उत्पन्नाप्रमाणे ठरते, त्याची कागदपत्रं दिली नाहीत तर सगळ्यात वरचा दर लावतात, म्हणून ती आधी द्या.

मला सुरुवातीला रडू यायचं, की पोळीभाजी सोडून माझं लेकरू काय खात असेल. मग एक दिवस पालकांना कांतीन बघायला बोलावलं. चार-पाच वर्षांची मुलं छोट्या खुर्च्यांवर बसलेली, खऱ्या काचेचे ग्लास, आधी किसलेलं गाजर, मग गरम भात आणि मसूर, मग चीजचा एक तुकडा, मग सफरचंद, एकेक करून येतं आणि कोणी उठून पळत नाही. वाढणाऱ्या बाई म्हणत होत्या ‘एक घास चाखून बघ, नाही आवडलं तर ठेव’. माझी लेक तिथे बीट खात होती! घरी बिटाची कोशिंबीर केली की तोंड फिरवणारी मुलगी. त्या दिवसापासून माझा जीव भांड्यात पडला.

अजून थोडं सांगते. चार-साडेचारला शाळा सुटली की गुते असतो, म्हणजे ब्रेड आणि चॉकलेटची वडी किंवा फळ, गेटवर सगळ्या आयांच्या हातात तेच दिसेल. त्याव्यतिरिक्त मध्येमध्ये खायची पद्धत नाही, बागेत मुलीला डब्यातून भरवत बसलात तर लोक बघतात. दुसऱ्या मुलाच्या वाढदिवसाला बोलावलं तर मुलीला सोडायचं आणि दिलेल्या वेळेला न्यायला जायचं, आपण तिथे थांबायचं नसतं. त्यात गोळ्या-बोंबों वाटतात, त्यात बऱ्याचदा डुकराचं जिलेटिन असतं, तुम्ही पाळत असाल तर लेकीला आधी सांगून ठेवा. तसंच कामांबेर, कोंते अशा जुन्या नावाजलेल्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं, हे इथे आल्यावर पुष्कळ दिवस आमच्या ध्यानीमनी नव्हतं. काय चालवून घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

इंद्रायणी

काय न्यायचं याचं उत्तर वर कोणी दिलं नाही म्हणून लिहिते. फुलं नेणार असाल तर शेवंती सोडून काहीही न्या. आपल्याकडे शेवंती म्हणजे देवाला, वेणीला, तोरणाला, आणि इथे ती कबरीवर वाहायची. १ नोव्हेंबरला तूसां असतो, त्या दिवशी अख्खा देश आपल्या गेलेल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या ठेवायला जातो, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापासून प्रत्येक सुपरमार्केटच्या दाराशी पिवळ्या, जांभळ्या, पांढऱ्या शेवंतीचे ढीग लागतात. आणि आपली दिवाळी नेमकी त्याच सुमाराला! २०२४ मध्ये तर लक्ष्मीपूजन आणि तूसां एकाच दिवशी आलं. मी दोन कुंड्या घेऊन जिना चढत होते तर खालच्या मजल्यावरच्या आजी थांबल्या, हात धरून हळू आवाजात विचारलं, घरात कोणी गेलं का. मी सांगितलं की नाही हो, आमचा सण आहे, लक्ष्मीची पूजा आहे, आमच्याकडे हे फूल देवाचं. त्या वर आल्या, पणत्या बघितल्या, फुलांकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या माझ्या नवऱ्यासाठी मी हीच आणलीयत. मी त्यांना बसवलं, चहा केला. मी घरात शेवंती आणतेच आणि आणणार, माझ्या दिवाळीला तिच्याशिवाय शोभा नाही, पण कोणाच्या हातात भेट म्हणून देत नाही.

भेट दिली की ते तुमच्यासमोर लगेच उघडतील, त्यात हावरटपणा नाही, न उघडणं हेच कोरडेपणाचं समजतात. आणि तुम्हाला काही दिलं तर तुम्हीही तिथेच उघडा, आपल्यासारखं ‘राहू दे हो, कशाला’ म्हणून कोपऱ्यात ठेवू नका.

मला सगळ्यात जड गेलं ते आग्रहाचं. इथे आग्रह नाही. एकदा विचारतात, नको म्हटलं की नको. आपण पहिल्यांदा नको म्हणतो कारण दुसऱ्यांदा विचारणार हे धरलेलं असतं. तेव्हा भूक असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणा. उलट तुमच्या घरी ते आले तर चौथ्यांदा पुरी वाढायला जाऊ नका, पानात टाकायचं नाही अशी त्यांचीही शिकवण असते, बिचारे खात बसतात. सहज जाता जाता डोकावलो हेही इथे चालत नाही, जिवलग मैत्रिणीकडे जायचं तरी मेसेज करून. माझी सासू इथे आली होती तेव्हा तिला हे फार लागलं, आणि मला तिचं अगदी पटतं, दार उघडं असण्यात जे सुख आहे ते वेळ ठरवून येत नाही.

ब्रेस्तकर

सगळ्यांचं वाचलं, उपयोगी आहे, पण रोनकाठींच्या एका मुद्द्याला माझा विरोध आहे आणि तो मी नोंदवतो. प्रत्येक कोरडेपणा ही ‘त्यांची सभ्यता’ नसते. आम्ही घर शोधत होतो तेव्हा फोनवर माझा उच्चार आणि आडनाव ऐकलं की फ्लॅट गेलेला असायचा. मग माझ्या ब्रेतों (इथल्या ब्रतान्य प्रांतातल्या) सहकाऱ्याने त्याच संध्याकाळी त्याच घरासाठी फोन केला तर त्याला दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली. याला पद्धतीतला फरक म्हणायचं नाही, हा भेदभाव आहे, आणि फ्रेंच कायद्यातच तो गुन्हा आहे, मूळ वंशावरून घर किंवा नोकरी नाकारली तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ४५,००० युरोंपर्यंत दंड. देफांसर दे द्र्वा नावाची स्वतंत्र घटनात्मक संस्था आहे, तिचा ३९ २८ हा नंबर आहे, तिथे फुकट सल्ला मिळतो. नवीन येणाऱ्या माणसाला हे माहीत असलं पाहिजे, नाहीतर तो प्रत्येक वेळी ‘माझंच काहीतरी चुकलं असेल’ म्हणत बसतो. ताईंचा शेवटचा प्रश्न वाचून मला तेच वाटलं म्हणून एवढं लिहितोय.

दुसरं, फ्रान्स म्हणजे एकच काहीतरी धरू नका. आमच्याकडे गालाला गाल लावून बीझ घेतात ती एक, तुमच्याकडे दोन, माँपेलिएकडे तीन, आणि कोविडनंतर ऑफिसात बऱ्याच जणांनी सोडूनच दिली. नको असेल तर आधीच हात पुढे करा, कोणी वाईट मानत नाही. इथे ब्रतान्यमध्ये पाऊस धो-धो पडत असताना अनोळखी माणसं बसस्टॉपवर माझ्याशी अर्धा-अर्धा तास बोललीयत, पॅरिसमध्ये राहत होतो तेव्हा असं कधी झालं नाही.

आणि एक व्यवहाराचं, कोणी लिहिलं नाही म्हणून. इथे बिल्डिंगमध्ये फ्लॅट नंबर बहुतेक नसतो, पत्रपेटीवर आणि बेलवर आडनाव असतं. तुमच्या दोघांची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो, आणि बँकेचं, प्रेफेक्त्युरचं (व्हिसा-परवान्यांचं सरकारी कार्यालय), आरोग्यविम्याचं पुष्कळ काही अजून कागदी पत्रानेच येतं. रात्री दहानंतर आवाज नको, घरी पंधरा माणसं बोलावणार असाल तर दोन दिवस आधी लिफ्टमध्ये चिठ्ठी लावा. कपडे बाल्कनीत वाळत घालायला बऱ्याच सोसायट्यांत मनाई असते, नियमांचा कागद वाचून घ्या.

सह्याद्री ते आल्प्स

ब्रेस्तकरांशी सहमत, आणि ताईंना नोकरी करायचीय म्हणून ऑफिसबद्दल थोडं. मी ग्रनोब्लला आहे, इलेक्ट्रॉनिक चिप बनवणाऱ्या क्षेत्रात.

सकाळी आल्यावर थेट खुर्चीत बसू नका, टीममधल्या प्रत्येकाला भेटून बोंजूर करायचं आणि मग दहाच्या सुमाराला कॉफी मशीनजवळ जायचं. मान खाली घालून काम करणारा माणूस इथे मेहनती ठरत नाही, तो बाहेरचा राहतो, कारण कामाच्या अर्ध्या गोष्टी त्या मशीनजवळच ठरतात. नवीन लागलात किंवा वाढदिवस असला की क्रॉसाँ तुम्ही आणायचे. दुपारचं जेवण बारा ते दीडमध्ये, सगळ्यांनी मिळून. डेस्कवर डबा उघडायची सवय इथे सोडावी लागते, कामाच्या जागेवर कामगारांना जेवू देऊ नये असं कामगार कायद्यातच लिहिलेलं आहे, कोविडमध्ये २०२१ साली तेवढ्यापुरती सूट दिली होती. डबा आणणारे असतात, पण तो खायच्या खोलीत सगळ्यांबरोबर खायचा. मी सांडगी मिरची नेली होती, त्यावर अख्खं जेवण चर्चा झाली, दह्यात भिजवून उन्हात किती दिवस वाळवतात इथपर्यंत.

मीटिंगमध्ये तुमच्या प्रस्तावाची चिरफाड होईल, घाबरू नका. इथे बारावीच्या वर्षी मुलांना तत्त्वज्ञानाचा चार तासांचा पेपर असतो, एक प्रश्न घ्यायचा आणि दोन्ही बाजूंनी वाद मांडायचा. लहानपणापासून ही तालीम असल्यामुळे विरोध करणं म्हणजे तुमचं म्हणणं मनावर घेणं. माझ्या डिझाइनवर पाऊण तास तुटून पडलेला माणूस बाहेर आल्यावर मला ‘चल, कॉफी घेऊ’ म्हणाला, आणि खरोखर त्याच्या मनात काहीच नव्हतं. मला मात्र दोन रात्री झोप नव्हती. आपल्याला मोठ्यांसमोर, साहेबांसमोर गप्प बसायला शिकवलेलं असतं, पण इथे गप्प बसणाऱ्याचं मतच नाही असं धरतात. तुटक्या फ्रेंचमध्ये बोला, पण बोला.

सुट्टी पाच आठवडे हक्काची आणि ती घेतल्याबद्दल कोणी तोंड वाकडं करत नाही. २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर ईमेलपासून सुटका मिळण्याचा हक्कही कायद्यात आहे. हे मला फार मोलाचं वाटतं, माझ्या वडिलांनी अख्ख्या नोकरीत सलग तीन आठवडे घरी काढलेले मी कधी बघितले नाहीत.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. ब्रेस्तकर दादा, तुमचं वाचून बरं वाटलं, नंबर लिहून ठेवलाय आणि पत्रपेटीवर माझं आडनावही लावलं.

काल जाऊन आलो. सव्वासातला गेलो, शंकरपाळी आणि पोह्यांचा चिवडा नेला होता, बाईंनी तिथेच डबा उघडून वाटीत काढला आणि नऊ वाजेपर्यंत चिवडा संपला. मांस-मासे नाही हे आधी मेसेजने सांगितलं होतं तर त्यांनी माझ्यासाठी कांद्याची वेगळी तार्त (भाजलेला खारा पाय) केली होती आणि वर ‘यात काही नाही’ असं दोनदा सांगितलं.

माझं फ्रेंच अडखळत होतं तेव्हा मी विषय काढायचा म्हणून विचारलं की बुधवारी दुपारी बाराला तो भोंगा कसला वाजला, मला केवढी भीती वाटली होती. त्या म्हणाल्या महिन्याच्या पहिल्या बुधवारी देशभर चाचणी असते. मग थोड्या थांबल्या आणि आझेएफचं सांगायला लागल्या, २१ सप्टेंबर २००१ ला इथल्या खताच्या कारखान्यात स्फोट झाला, ३१ माणसं गेली. त्या तेव्हा शाळेत शिकवत होत्या, वर्गातल्या सगळ्या काचा आत आल्या, मुलांना भिंतीशी घेऊन बसल्या आणि फोन बंद, स्वतःचा मुलगा दुसऱ्या शाळेत. संध्याकाळपर्यंत तो कुठे आहे ते कळलं नव्हतं. इतक्या वर्षांनी सांगतानाही त्यांचा आवाज कापत होता. मला अर्धे शब्द कळले नाहीत पण मी हात धरून बसले होते. निघताना त्या म्हणाल्या, आता एकमेकींना तू म्हणूया, आणि रविवारी सकाळी सेंत-ओबांच्या बाजारात बरोबर जाऊ, भाजी कोणाकडून घ्यायची ते दाखवते.

आता त्यांना आपल्याकडे बोलवायचंय. कधी बोलावू, आणि जेवायला काय करू? तिखट कितपत?

रोनकाठी

वा! दोन-तीन आठवडे जाऊ द्या आणि तारीख आत्ताच ठरवून टाका, नाहीतर नाताळाच्या सुट्ट्या येतील आणि सगळे आपापल्या गावी जातील. शनिवारी साडेसातची वेळ द्या, ते पावणेआठला येतील. सगळं ताट एकदम वाढू नका, गोंधळतात आणि भाताबरोबर पुरणपोळी खातात. आधी पाऊण तास नुसते बटाटेवडे आणि गप्पा, लसणाची चटणी बाजूला वाटीत. मग पोळी किंवा पुरी, मसाला बेताचा घातलेली भरली वांगी, वरण-भात, काकडीची कोशिंबीर. हिरवी मिरची पदार्थात न चिरता अख्खी टाका म्हणजे बाजूला काढता येते. शेवटी श्रीखंड, दह्याचं आहे म्हणून त्यांना ओळखीचं वाटतं आणि केशर-वेलची नवीन. चीज त्यांनाच आणायला सांगा, त्या आनंदाने आणतील. टेबलावर ब्रेड ठेवा, पोळ्या असल्या तरी ठेवा. आणि ते अकरापर्यंत बसतील हे धरून मुलीला आधीच झोपवायची तयारी करा.

चिऊची आई

मुलीला झोपवायच्या आधी तिला सगळ्यांना बोंजूर आणि रात्री बोन न्वी (शुभ रात्री) म्हणायला लावा, इथल्या लोकांना ते फार आवडतं. आणि सेंत-ओबांच्या बाजारात गेलात की मेथी, कोथिंबिरीच्या ताज्या जुड्या कुठे दिसतात का तेही इथे लिहा, आम्ही फेब्रुवारीत तुलूझला येतोय.